चोर सोडून संन्याशास

चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याची म्हण आमच्या भाषेंत कोणीं व केव्हां रूढ केली हें सांगतां येणें कठीण. परंतु ज्यानें कोणी ती प्रथम उच्चारली, त्यास तो अनुभव राजाच्या कचेरींत नव्हे, तर घरच्या ओसरीवरच आला असावा, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. कचेरींत निदान साक्षीपुरावा असतो, वकील असतो, आणि निकाल चुकला तर वर दाद मागण्याची सोय असते. घरांत आणि मित्रमंडळींत यांपैकीं कांहींच नसतें, आणि निकाल देणारे आपण सारेच मोठे घाईचे असतों. गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरीं घडलेली एक गोष्ट आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. तींत आमच्या पदरीं श्रेय फारसें येत नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. पण जेथें तीन-चार पिढ्या एका छपराखालीं आणि एकाच वायफायवर नांदतात, अशा घरांस तिचा उपयोग होईल.

आमच्या थोरल्या चुलत्यांस घरांत लहानथोर सर्वजण नाना म्हणतात. त्यांचें वय ७९. सारी हयात त्यांनीं शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविली. गुडघ्यांमुळें जिना उतरणें सुटलें, बरोबरीचे स्नेही एकेक करून गेले, आणि नानांचें बाहेरचें जग आटत आटत खिडकीपुरतें उरलें. तीन वर्षांपूर्वीं कोणीतरी त्यांस इंटरनेटवरील एका मराठी चर्चामंडळाची वाट दाखविली. तेथें शब्दांच्या मूळ रूपांविषयीं, जुन्या वाक्प्रचारांविषयीं आणि व्याकरणाविषयीं वाद चालतात. सकाळची पूजा आटोपली, कीं नाना चष्मा पुसून संगणकापुढें बसत. नागपूर, इंदूर, बेळगांव, फार काय, अमेरिकेंतील न्यू जर्सी येथूनहि मंडळी त्यांस प्रश्न विचारीत आणि 'गुरुजी' म्हणून संबोधीत. नानांच्या चेहऱ्यावरील तेज पाहून आमच्या मातोश्री म्हणत, "ह्यांची शाळा पुन्हा भरली म्हणायची!"

एके सकाळीं ती शाळा बंद झाली. नानांनीं नेहमीप्रमाणें मंडळाचें दार ठोठावलें, तों पडद्यावर दोन ओळी उमटल्या : "आपला प्रवेश बंद करण्यांत आला आहे. कारण : नियमांचें उल्लंघन." कोणत्या नियमाचें, कोणत्या दिवशीं, किती काळासाठीं, याचा कांहीं उलगडा नव्हता. नानांनीं दोन-तीनदां तेंच करून पाहिलें. मग ते आम्हांस म्हणाले, "अरे, मी कोणास काय वावगें बोललों?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या दिवशीं ते जेवणावरून लवकर उठले, आणि टिपणांची वही त्यांनीं कपाटांत ठेवून दिली. ज्या माणसास सबंध आयुष्यांत कोणीं दार दाखविलें नव्हतें, त्यास उतारवयांत एका यंत्रानें दोन ओळींत बाहेर काढलें होतें. त्यांस राग आला नव्हता; त्यांस लाज वाटत होती, आणि तेंच आम्हांस पाहवत नव्हतें.

मग घरांत चौकशी सुरू झाली. चौकशी हा शब्द आम्ही सवयीनें लिहिला; वस्तुतः निकाल आधींच लागला होता, फक्त आरोपी सांपडावयाचा होता. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा बाळ नववींत आहे. दुपारीं शाळेंतून आल्यावर तो नानांच्याच संगणकावर बसतो. गतवर्षीं त्यानें कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक थिल्लर विनोद टाकून आत्याबाईंचा रोष ओढवून घेतला होता. एकदां चुकलेल्याच्या माथीं पुढची प्रत्येक चूक मारणें किती सोपें असतें! बाळ म्हणाला, "काका, मी नाहीं केलं कांहीं. मी त्या मंडळांत जातसुद्धां नाहीं." आम्ही म्हणालों, "मग काय भुतानें केलें?" त्याचा मोबाइल आमच्या कपाटांत गेला, आणि नानांच्या खोलींत त्यानें पाऊल टाकूं नये असें फर्मान सुटलें. बाळानें एकदां आईकडे पाहिलें. ती माउली पोळ्या लाटीत होती. तिनें मान वर केली नाहीं. थोरल्या जावेच्या व दिरांच्या देखत मुलाची बाजू घ्यावी कशी, ही तिची अडचण आमच्या त्या वेळीं ध्यानांतहि आली नाहीं.

आमच्या थोरल्या सूनबाई एका संगणक-कंपनींत आहेत. त्या कामानिमित्त बंगळूरास गेल्या होत्या, त्या सहाव्या दिवशीं परतल्या. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली आणि विचारलें, "बाबा, बंदी नानांवर आहे कीं आपल्या घरावर, हें कोणीं पाहिलं का?"

प्रश्नच आम्हांस कळला नाहीं. सूनबाईंनीं नानांचा मोबाइल घेतला, त्याचें वायफाय बंद केलें, आणि सिमकार्डाच्या जोडणीवरून मंडळ उघडलें. दार सताड उघडें! नानांचें नांव जागेवर, त्यांचीं जुनीं टिपणें जागेवर, आणि खालीं तिघांनीं विचारलेलें : "गुरुजी बरे आहेत ना? चार-पांच दिवस दिसले नाहींत." मग त्यांनीं घरच्या संगणकावरील त्या दोन ओळी पुन्हा वाचावयास लावल्या. त्या ओळींत नानांचें नांव कोठेंच नव्हतें. आम्हीं सर्वांनीं त्या वाचल्या होत्या, परंतु त्यांत जें नव्हतें तें आपल्या मनानें घालून वाचलें होतें.

आतां हा प्रकार घडतो कसा, तें सूनबाईंकडून आम्हीं जसें समजून घेतलें तसें सांगतों. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीस एक आंकडी पत्ता असतो. त्यास आयपी ॲड्रेस म्हणतात. जी पद्धति प्रथम रूढ झाली तींत असे सुमारें ४२९ कोटी पत्तेच संभवतात. आरंभीं ती संख्या अपार वाटली. पण जगाच्या मध्यवर्ती कोठारांतील पत्ते फेब्रुवारी २०११ मध्यें वांटून संपले, आणि त्याच वर्षींच्या एप्रिलांत आशिया-पॅसिफिक विभागाचा सांठाहि शेवटच्या राखीव भागापर्यंत आला. पुष्कळ मोठी संख्या असलेली नवी पद्धति निघाली आहे खरी. तथापि जुनी अद्याप चालूच आहे. तेव्हां जोडणी पुरविणाऱ्या कंपन्या एकाच पत्त्यामागें अनेक ग्राहक बसवितात. पुण्यांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें लगेच उमजेल. रस्त्यावरून दिसणारा दिंडीदरवाजा एक, घरनंबर एक. आंत चौकाभोंवतीं वीस बिऱ्हाडें. कोणा एका बिऱ्हाडकरूनें लोकांस निनावी पत्रें पाठविण्याचा उद्योग आरंभिला, तर पत्र घेणाऱ्यास वाडा तेवढा दिसतो, बिऱ्हाड दिसत नाहीं.

मंडळाचे व्यवस्थापक, ज्यांस हल्लीं सारेच ॲडमिन म्हणतात, त्यांचीहि बाजू ऐकली पाहिजे. ते बहुधा आपला पोटाचा धंदा सांभाळून हें काम हौसेनें करतात. रात्रीं बाराला कोणी खोडसाळ मनुष्य शिवीगाळ करतो, किंवा झटपट कर्जाच्या जाहिरातींचा पाऊस पाडतो. त्याचें नांव काढून टाकावें, तर घटकेंत तो दुसरें नांव धारण करून हजर! शेवटीं कंटाळून ते नांवाऐवजीं पत्ताच बंद करतात. उपाय तत्काळ लागू पडतो. पण त्या दिंडीदरवाजांतून येणाऱ्या वीसहि बिऱ्हाडांस तो लागू पडतो, आणि ज्याच्यासाठीं तो योजिला तो खोडसाळ मनुष्य तोंवर दुसऱ्या दरवाजानें निघून गेलेला असतो.

हें केवळ लहान मंडळांतच होतें असें नाहीं. २००७ सालच्या अगदीं आरंभीं विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तींत असाच एक मासलेवाईक प्रकार झाला. कतार देशांतील बहुतेक सारी इंटरनेट-वाहतूक त्या काळीं एकाच कंपनीच्या अगदीं मोजक्या पत्त्यांतून बाहेर पडे. त्यांतील एका पत्त्यावरून पुनःपुन्हा खोडसाळ लेखन होऊं लागलें, म्हणून एका व्यवस्थापकानें तो पत्ता बंद केला. त्या पत्त्यामागें जवळजवळ अवघा देश उभा आहे हें त्याच्या ध्यानीं आलें नव्हतें! वाचनास अडथळा नव्हता. परंतु त्या पत्त्यावरून निनावी लेखन करणें थांबलें, आणि एका देशासच बंदी झाल्याच्या बातम्या पसरल्या. चूक उमगतांच कांहीं तासांत बंदी उठविण्यांत आली. ती इतक्या लवकर उठली याचें कारण असें, कीं बंदी कोणीं घातली, केव्हां घातली व कां घातली, याची नोंद तेथें सर्वांस दिसेल अशी ठेवलेली असते. नोंद होती म्हणून चूक सांपडली.

पत्त्याखेरीज आणखीहि कांहीं कारणांनीं निरपराधी मनुष्य दाराबाहेर राहतो. पुष्कळ घरचे पत्ते कायमचे नसतात. राउटर बंद करून पुन्हा चालू केला, कीं नवा पत्ता मिळूं शकतो. तो कालपर्यंत एखाद्या उपद्व्यापी माणसाकडे असला, तर त्याची शिक्षा आज आपल्या वांट्यास येते. भाड्याच्या घरांत आधींच्या भाडेकरूच्या नांवानें सावकार दार ठोठावीत यावा, तसें हें होतें. कधीं व्यवस्थापक एका पत्त्याऐवजीं शेजारच्या पत्त्यांची सबंध रांगच बंद करतो. लहान रांगेंत २५६ पत्ते असतात, मोठींत ६५,५३६. कधीं सारख्या नांवांमुळें घोंटाळा होतो. मंडळांत पांच कुळकर्णी असले, तर भलत्याच कुळकर्ण्याच्या नांवावर बोट पडणें अशक्य नाहीं.

आणि कधीं दोष शब्दांच्या चाळणीचा असतो. वर्ज्य शब्दांची यादी यंत्राच्या हातीं दिली, कीं तें अक्षरें जुळवून पाहतें, अर्थ पाहत नाहीं. इंग्लंडांत स्कन्थॉर्प नांवाचें एक गांव आहे. त्याच्या इंग्रजी नांवाच्या पोटांत एका अश्लील शब्दाचीं अक्षरें लागोपाठ येतात. एवढ्यावरून १९९६ सालीं एओएल या कंपनीच्या यंत्रानें त्या गांवच्या रहिवाशांस नांवनोंदणीच करूं दिली नाहीं. आपल्या भाषेंत 'मार' हा शब्द कोणीं वर्ज्य ठरविला, तर मारुति दाराबाहेर राहील, आणि कालिदासाच्या 'कुमारसंभवा'वर लिहूं पाहणारे आमचे नाना तर पहिल्याच ओळींत अपराधी ठरतील!

इथपर्यंतच्या गोष्टी हंसण्यावारी नेतां येतात. परंतु सर्वच अशा नसतात. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें २०२१ च्या फेब्रुवारींत एका गृहस्थाचा तान्हा मुलगा आजारी पडला. प्रत्यक्ष दवाखान्यांत जाणें त्या महासाथीच्या दिवसांत अवघड होतें; तेव्हां दुखऱ्या अवयवाचें छायाचित्र पाठवा, असें डॉक्टरांकडून सांगण्यांत आलें, आणि आईबापांनीं तें काढून पाठविलें. मोबाइलमधील छायाचित्रें आपोआप गूगलच्या सांठ्यांत जात असत. तेथील यंत्रानें तें चित्र बालकांच्या लैंगिक छळाचें ठरविलें आणि बापाचें खातें बंद झालें. त्याबरोबर त्याची टपाल, दूरध्वनीचा क्रमांक, मुलाच्या जन्मापासूनचीं छायाचित्रें, सारें गेलें. पोलिसांनीं चौकशी करून गुन्हा घडलेला नाहीं असा निर्वाळा दिला. तरीहि कंपनीनें खातें परत दिलें नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां ती जगास कळली. मुलांचें रक्षण करण्यासाठीं अशी पहारेदारी हवीच, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु पहारेकऱ्याची चूक उघड झाल्यावरहि ती मान्य करण्याची वाट ज्या व्यवस्थेंत नाहीं, ती पहारेदारी अपुरी होय.

बहिष्कार हा शब्द आमच्या वाचकांच्या आजेपणज्यांस चांगला परिचयाचा होता. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहा दिला गेला. हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आलीं, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांसारख्यांवरहि ग्रामण्य ओढवलें. पुढें प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, आणि कित्येकांनीं प्रायश्चित्त घेऊन तें मिटविलें. त्या प्रथेचे गोडवे गाण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. तिनें किती कुटुंबांस रडविलें, आणि ज्यांस आमच्या समाजानें पिढ्यान्पिढ्या दाराबाहेर ठेवलें त्यांच्यासाठीं तर चौकशी वा प्रायश्चित्त असा मार्गहि कधीं ठेवला नाहीं, हें आम्ही विसरलों नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच, कीं त्या जुन्या, कठोर व्यवस्थेंतहि चहाच्या प्रकरणीं आरोप काय तें ठाऊक होतें, आरोप कोणावर तें नांवानिशीं ठाऊक होतें, आणि परत येण्याची वाट ठरलेली होती. आजच्या यंत्राच्या बहिष्कारांत या तिन्ही गोष्टी पुष्कळदां नसतात. आणि, लाजेनें लिहावें लागतें, आमच्या घरांत बाळावर जो बहिष्कार पडला, त्यांतहि त्या नव्हत्या.

तेव्हां अशी पाळी घरांत कोणावर आली तर काय करावें? सूनबाईंनीं सांगितलेला क्रम आम्हांस पटला, म्हणून देतों.

पहिली गोष्ट, सूचना जशी आली तशी जपून ठेवावी. पडद्याचें छायाचित्र काढावें. दिवस व वेळ लिहून ठेवावी. सूचनेंत आपलें नांव आहे काय, मुदत आहे काय, हें शांतपणें पाहावें. पासवर्ड चुकणें, मंडळ स्वतःच बंद पडणें आणि प्रवेशबंदी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेल्या मनास त्या एकच भासतात.

दुसरी गोष्ट, बंदी कशावर आहे तें शोधावें. घरचें वायफाय सोडून मोबाइलच्या जोडणीवरून त्याच नांवानें जाऊन पाहावें. आंत जातां आलें, तर अपराधी पत्ता आहे, माणूस नव्हे. दोन्हींकडे तीच सूचना आली, तर बंदी बहुधा खात्यावरच आहे. संगणकावर अडतें पण त्याच वायफायवर मोबाइलमधून जातें, असें झालें, तर ब्राउझरनें जपून ठेवलेल्या जुन्या खुणा पुसून, किंवा इनकॉग्निटो खिडकी उघडून पाहावें. व्हीपीएन वापरीत असल्यास तें बंद करावें. त्याचाहि पत्ता असंख्य लोकांच्या वांटणींतला असतो.

तिसरी गोष्ट, दुसरें नांव धारण करून मागच्या दारानें आंत शिरूं नये. हा मोह फार होतो. परंतु बंदी चुकवून शिरणें हा बहुतेक मंडळांत स्वतंत्र अपराध असतो. आतांपर्यंत निरपराधी असलेला मनुष्य त्या क्षणापासून खरोखरीच अपराधी बनतो.

चौथी गोष्ट, व्यवस्थापकांस थोडक्यांत व सौम्य शब्दांत लिहावें : आपलें नांव, सूचनेचे शब्द, दिवस व वेळ, घरचा आयपी ॲड्रेस, आणि आपण काय काय करून पाहिलें तें. आपला मोठेपणा, मानापमान व कायद्याची धमकी पहिल्या पत्रांत घालूं नये. आणि हीच गोष्ट मोठ्या कंपनीबाबत असेल, तर आपल्या देशांत २५ फेब्रुवारी २०२१ रोजीं प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार तक्रार-अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करणें अशा संस्थांस बंधनकारक झालें आहे. तक्रारीची पोंच २४ तासांत व निकाल १५ दिवसांत, अशी मूळ नियमांतील तरतूद होती. पुढें दुरुस्त्या होत असतात, म्हणून तक्रार करतेवेळीं चालू मुदत पाहून घ्यावी. २०२२ च्या दुरुस्तीनें वरच्या अपिलाची सोय झाली, आणि जानेवारी २०२३ मध्यें त्यासाठीं तीन समित्या नेमण्यांत आल्या. निकाल पटला नाहीं तर तेथें जातां येतें.

आणि पांचवी गोष्ट, ही संकट येण्यापूर्वींची : घरचीं छायाचित्रें, पत्रें व महत्त्वाचे कागद यांची एक प्रत आपल्या स्वतःच्या हार्डडिस्कवर असूं द्यावी. ज्या कपाटाची किल्ली सर्वस्वी दुसऱ्याच्या हातीं आहे, तेथें आपला एकुलता एक ठेवा ठेवूं नये.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकजण स्वतःच कुटुंबाच्या, सोसायटीच्या किंवा ज्ञातिमंडळाच्या गटाचे ॲडमिन असतील. त्यांस आमची विनंति, कीं शक्य तों नांवास बंदी करावी, पत्त्यास करूं नये. पत्त्यास करावीच लागली, तर ती थोड्या दिवसांचीच असावी. बंदी घालतांना कारण व तारीख एका ओळींत तरी लिहून ठेवावी, कारण सहा महिन्यांनीं ती कां घातली हें आपणांसहि आठवत नाहीं. आणि बाहेर काढलेल्यास आपणांपर्यंत पोंचण्याचा एक मार्ग मोकळा ठेवावा. ज्यास दार बंद केलें त्यानें दार ठोठावावें कसें, याचा विचार दार बंद करतांनाच केला पाहिजे.

नानांनीं सूनबाईंकडून पत्र लिहवून घेतलें. दुसऱ्याच दिवशीं उत्तर आलें. मंडळाच्या व्यवस्थापकांनीं नोंदवही पाहिली होती. कोणा अज्ञात इसमानें आठ दिवसांपूर्वीं त्याच पत्त्यावरून रात्रभर कर्जाच्या जाहिराती टाकल्या होत्या, म्हणून तो पत्ता बंद केला होता. नानांच्या खात्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. "गुरुजी, आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमा असावी," असें लिहून त्यांनीं बंदी उठविल्याचें कळविलें होतें. नानांनीं तें पत्र दोनदां वाचलें, चष्मा काढला, आणि आम्हांस म्हणाले, "ह्यांनीं माझी क्षमा मागितली. आतां त्या पोराचें काय?"

हा प्रश्न आम्ही सात दिवस टाळीत होतों. आमच्या घरांत वडीलधाऱ्यांनीं मुलांची क्षमा मागण्याचा प्रघात नाहीं. चूक झाली, तर संध्याकाळीं चार पेढे आणून ती मिटविण्याचा आहे. आम्हीहि पेढे आणण्याच्या विचारांत होतों. नाना म्हणाले, "फर्मान सर्वांदेखत सुटलें होतें. मग तें परतहि सर्वांदेखतच घ्यावयास हवें." त्या रात्रीं पानें मांडलेलीं असतांना आम्हीं बाळास सांगितलें, कीं आमची चूक झाली, आम्हीं तुझें ऐकून घेतलें नाहीं. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. त्याच्या आईनें मात्र पदर डोळ्यांस लावला, तेव्हां त्या दिवशींची तिची खालीं घातलेली मान आम्हांस आठवली. बाळानें मोबाइल घेतला आणि विचारलें, "आतां जाऊं?"

त्यानंतर चार दिवस तो नानांच्या खोलीकडे फिरकला नाहीं. पांचव्या दिवशीं नानांनीं हाक मारली. मराठी कळफलकावर त्यांना दीर्घ 'ॠ' सांपडत नव्हता. तो त्यांस खरोखरच सांपडत नव्हता, कीं तें निमित्त होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं. बाळ गेला, अक्षर काढून दिलें, आणि थोडा वेळ तेथेंच स्टुलावर बसून राहिला. मंडळाची बंदी बोटाच्या एका दाबानें उठली होती. आमची अजून पुरती उठली आहे कीं नाहीं, तें आम्हांस सांगतां येत नाहीं. तें बाळानें सांगावयाचें आहे.